काच कुठवर आली आहे?

पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये इंटरनेटची जाहिरात लावलेली असते आणि तिच्यात ‘फायबर’ हा शब्द हमखास असतो. मोठी कंपनी असो की गल्लीतला केबलवाला, सगळे फायबरच देतात. मग घरातलं जुनं कनेक्शन बदलायचं की नाही, ही चर्चा लगेच दोन आकड्यांवर येते: किती एमबीपीएस आणि महिन्याला किती रुपये. माझं म्हणणं असं की हे दोन आकडे नंतर बघावेत. आधी शोधायच्या गोष्टी दोनच. काचेची तार, म्हणजेच फायबर, नेमकी कुठे येऊन थांबते, आणि ती तुटली तर जोडायला कोण येतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घराच्या दारातच असतं. बाहेरून आत येणारी तार हातात घेऊन बघावी. ती दोन बारीक तारांची असेल आणि टेलिफोनच्या छोट्या चौकोनी पिनला जोडलेली असेल, तर तुमचं इंटरनेट फोनच्या जुन्या तांब्यावरून येतं आहे. जाड, गोल आणि टोकाला फिरवून बसवायची पितळी किंवा स्टीलची पिन असेल, तर ती टीव्हीची केबल. निळी किंवा करडी, टोकाला पारदर्शक क्लिप असलेली आणि संगणकाच्या मागे लावतात तशी असेल, तर ती लॅन केबल, म्हणजे पुन्हा तांबंच. आत आठ तारा असतात. आणि अगदी बारीक, बहुधा काळी किंवा पांढरी, थोडी ताठर तार एका छोट्या पेटीत शिरत असेल व तिच्या टोकाला हिरवी पिन दिसत असेल, तर काच खरोखर तुमच्या घरात पोचली आहे.

आपल्या शहरांत खरा घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारात. नव्वदच्या दशकात केबल टीव्हीचं जाळं गच्चीवरून गच्चीवर पसरलं. पुढे त्याच केबलवाल्यांनी इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्यांनी फायबर आणली ती गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत. पेटीत एक स्विच बसवला आणि तिथून डक्टमधून प्रत्येक घरात लॅन केबल सोडली. जाहिरातीत ‘फायबर’ लिहिलं ते खोटं नव्हतं. इमारतीपर्यंत फायबर होतीच. शेवटचे वीस-तीस मीटर मात्र तांब्याचे राहिले. ब्रिटनमध्येही हाच वाद झाला. तिथे रस्त्यावरच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढे फोनची तांब्याची तार, अशा जोडण्या कंपन्या ‘फायबर’ म्हणून विकत होत्या. जाहिरात नियामकाने २०१७ मध्ये ते दिशाभूल करणारं नाही असं ठरवलं, आणि त्याविरुद्ध ‘सिटीफायबर’ या कंपनीने केलेली याचिका लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. म्हणून तिथली मंडळी घरापर्यंतच्या काचेला मुद्दाम ‘फुल फायबर’ म्हणतात. लंडन-स्लाऊमधल्या मराठी घरांनाही कनेक्शन बदलायचा निर्णय आता घ्यावाच लागतो आहे, कारण तांब्यावरची जुनी टेलिफोन यंत्रणा तिथे जानेवारी २०२७ अखेर बंद करायची ठरली आहे.

इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे लॅन, ही व्यवस्था वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत उत्तम चालते आणि त्या अंतरात शंभर एमबीपीएस सहज देते. पेटीतला स्विच जुना असेल तर मात्र तिथेच मर्यादा येते. शंभराच्या पोर्टमधून प्रत्यक्षात साधारण ९४ एमबीपीएस मिळतात, त्यामुळे पुढे तीनशेचा प्लॅन घेऊनही काही वाढत नाही. शिवाय तो स्विच विजेवर चालतो. सोसायटीच्या सामाइक मीटरची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं. आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेली तांब्याची तार मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की धोक्याची होते. पोर्ट जळतात, कधी घरातला राउटरही जातो.

काचेला या कशाचंच भय नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

तांब्यातून विजेचा संकेत जातो. त्याची कंपनसंख्या जितकी जास्त, तितका तो वाटेत लवकर विरतो; आणि जास्त माहिती पाठवायची तर जास्त कंपनसंख्या वापरावीच लागते. फोनची तार आवाज वाहून न्यायला टाकलेली होती. तिच्यावर इंटरनेट चालवायचं म्हणजे एक्स्चेंजपासून घर किती लांब आहे यावर सगळं अवलंबून. एक्स्चेंजच्या शेजारी वीस-बावीस एमबीपीएस मिळवून देणारं तंत्र चार-पाच किलोमीटरवर एक-दोनवर येतं. त्यातही वरच्या दिशेला, म्हणजे आपण पाठवतो त्या बाजूला, जेमतेम एक. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि इंटरनेट बंद, हे महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. २००४ च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं होतं. ती मर्यादा २०१३ मध्ये ५१२ आणि २०२३ मध्ये दोन एमबीपीएस झाली. या आकड्यांवरून एवढंच कळतं की तांब्याच्या काळात आपली अपेक्षाच किती लहान होती.

काचेतून प्रकाश जातो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, आणि १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. पण ती काच इतकी अशुद्ध होती की काही मीटरच्या पुढे प्रकाश उरत नसे. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे. किलोमीटरमागे घट वीस डेसिबलच्या आत आणता आली, तर काचतंतूवर टेलिफोन चालवता येईल, असं त्यांनी मांडलं. वीस डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग शिल्लक राहणं. आज ऐकायला हे फारच थोडं वाटतं, पण तेव्हाची काच त्याच्या जवळपासही नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट माउरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. काओंना २००९ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आजच्या उत्तम फायबरमध्ये ही घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलपर्यंत खाली आली आहे. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

माझ्या मते हे गेल्या शतकातलं एक फार मोठं काम आहे आणि आपल्याकडे त्याच्याविषयी फार कमी बोललं जातं. केसापेक्षा थोडा जाड, सव्वाशे मायक्रॉन व्यासाचा तंतू. त्याच्या मधला नऊ मायक्रॉनचा गाभा प्रकाश नेतो. आणि तो गाभा एक्स्चेंजपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या घराला आणि आठ किलोमीटरवरच्या घराला सारखाच वेग देतो. गावाबाहेरच्या वस्तीला शहराच्या मध्याइतकंच चांगलं इंटरनेट मिळणं तांब्यावर शक्यच नव्हतं.

घरापर्यंतची व्यवस्था बहुतेक ठिकाणी अशी असते. एक्स्चेंजमध्ये किंवा ऑपरेटरच्या कचेरीत ओएलटी नावाचं यंत्र. त्यातून निघालेली एक फायबर वाटेत एका स्प्लिटरमध्ये शिरते आणि तिथे तिच्या सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट शाखा होतात. स्प्लिटर म्हणजे निव्वळ काच. त्याला वीज लागत नाही. प्रत्येक शाखा एका घरातल्या ओएनटीला जोडली जाते. ओएनटी म्हणजे ती छोटी पेटी, जिला आपण सर्रास राउटर म्हणतो, आणि बहुतेक वेळा राउटर तिच्यातच असतो. ओएलटीपासून तुमच्या भिंतीपर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीही नाही, ही या रचनेची सर्वांत मोठी ताकद. रस्त्यावरचे दिवे गेले, सोसायटीचा मीटर बंद पडला, तरी ओएलटीला बॅटरी आहे आणि तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे तोवर नेट चालू राहतं.

मात्र ती एक फायबर बत्तीस घरांत वाटलेली आहे, हे विक्रेता सांगत नाही. जीपॉन या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारात खाली येणारी एकूण क्षमता सुमारे अडीच जीबीपीएस, वर जाणारी सव्वा. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने ओढलं, तर वाट्याला साधारण ७८ एमबीपीएस येतील. चौसष्ट घरं असतील तर त्याच्या निम्मे. प्रत्यक्षात सगळे एकदम ओढत नाहीत. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सगळ्यांना पुरतं ते याच हिशेबावर. म्हणून संध्याकाळी वेग पडत असेल तर पहिला संशय या काचेवर घेऊ नये. बहुतेक वेळा ऑपरेटरने पुढे विकत घेतलेली बँडविड्थच अपुरी असते. ही गोष्ट शेजाऱ्यांना विचारून कळते, आणि विचारायची वेळ म्हणजे रात्री नऊनंतरची.

आता वेगाकडे येऊ. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रपटाला पाच एमबीपीएस लागतात, फोरकेला पंधरा. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरेसे. चौघांच्या घरात दोघं ऑनलाइन मीटिंगमध्ये, एक जण मालिका बघतोय आणि एकाचा अभ्यास चालू आहे, असं धरलं तरी तीस एमबीपीएसमध्ये भागतं. पन्नास घेतले तर निर्धास्त. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण एका बाइटमध्ये आठ बिट. मोठी फाइल उतरवणाऱ्याला हा फरक माहीत असावा. तीनशे किंवा हजारची गरज फार थोड्या घरांना असते: व्हिडिओचं संपादन करणारे, रोज मोठ्या फायली चढवणारे, घरातूनच छोटं कार्यालय चालवणारे.

ज्यांना खरोखर फरक पडतो ते घेणाऱ्यांपेक्षा पाठवणारे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. चित्र बघायला अडचण नव्हती; आपला चेहरा आणि आवाज शिक्षकांपर्यंत पोचत नव्हता, कारण तांब्याची वरची दिशा अरुंद होती. कोकणात मुलं नेटवर्क मिळावं म्हणून डोंगरावर जाऊन बसत होती. अनेक फायबर प्लॅनमध्ये वर जाण्याचा वेग खाली येण्याइतकाच असतो. घरून काम करणाऱ्यांसाठी, ऑनलाइन गाणं किंवा तबला शिकवणाऱ्यांसाठी, परदेशातल्या मुलांशी रोज बोलणाऱ्या आईवडिलांसाठी मी या एका गोष्टीला डाउनलोडच्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त किंमत देईन. प्लॅन घेताना ‘अपलोड किती?’ हे स्पष्ट विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

इथेच आणखी एक तपासणी करून टाकावी, कारण तिच्यामुळे कित्येकांचे पैसे वाचतील. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग आतल्या खोलीत वायफायवर मोजा. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट आला, तर दोष घराबाहेरच्या तारेत नसून घरातल्या भिंतींत आहे. पुण्याच्या पेठेतल्या वाड्यांच्या जाड भिंती किंवा नव्या टॉवरचे काँक्रीटचे कप्पे, दोन्ही पाच गिगाहर्ट्‌झच्या वायफायला आवडत नाहीत. त्यातून राउटर बसवलेला असतो दाराशी, चपलांच्या कपाटावर, कारण बसवायला आलेल्या माणसाला तिथे सोपं पडलं. अशा घरात फायबर आणली तरी आतली खोली तशीच राहते. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर हलवावा, किंवा आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल नेऊन तिथे दुसरा बसवावा. फायबर नव्याने येत असेल तर आणखी चांगलं: काचच थेट मधल्या खोलीपर्यंत न्यायला सांगावी. आजकालची घरगुती फायबर बऱ्यापैकी वळते. तरी ती दाराच्या फटीत चेमटू देऊ नये, काटकोनात मोडू देऊ नये आणि खिळा ठोकून तर अजिबात पक्की करू देऊ नये.

ज्या घरात वृद्ध माणसं एकटी राहतात आणि अजून लँडलाइन आहे, तिथे निर्णयाचा सूर वेगळा हवा. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तारेतून मिळत असे, ४८ व्होल्टची. गावातली वीज गेली तरी फोन चालू. काचेतून वीज जात नाही. फायबरवर आलेला फोन घरातल्या ओएनटीवर अवलंबून असतो. वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की फोन मुका. ज्या तालुक्यांत भारनियमन आहे, ज्या वाड्यांवर वादळानंतर दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे ही बाब क्षुल्लक नाही. उपाय स्वस्त आहे. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस हजार-दोन हजार रुपयांत येतो. काही तास निघतात. पण तो फायबर येईल त्याच दिवशी बसवायला हवा, पहिल्यांदा वीज गेल्यावर नव्हे. जुना नंबर सगळ्या नातेवाइकांना आणि डॉक्टरांना पाठ असतो. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना तो नंबर बहुतेकदा कायम ठेवता येतो. दुसऱ्या कंपनीकडे जाताना तो नेता येत नाही, कारण मोबाइलसारखी नंबर नेण्याची सोय आपल्याकडे लँडलाइनला नाही. अर्ज करण्यापूर्वीच हे विचारून घ्यावं.

विजांच्या बाबतीत मात्र काच निर्विवाद सरस. तांब्याच्या लांबलचक तारा विजेचा धक्का थेट घरात आणत. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला जळालेल्या मोडेमची गोष्ट सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक गावात भेटतं. काचेतून तो येत नाही. दोन सावधगिऱ्या तरी उरतात. खांबावरून येणाऱ्या काही फायबरना आधाराची पोलादी तार असते, ती घराबाहेरच कापून बांधायला हवी. आणि धक्का विजेच्या प्लगमधूनही येऊ शकतो, म्हणून गडगडाट सुरू झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवायची जुनी सवय मोडू नये.

आता दुसरा प्रश्न: तुटल्यावर कोण येतं? मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि माहितीपत्रकात त्याचं उत्तर कधीच नसतं.

फायबर गंजत नाही, पण तुटते. रस्ता खोदणारा जेसीबी हा तिचा पहिला शत्रू, डक्टमधले उंदीर दुसरा. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, मेट्रो, गटार, प्रत्येकाचं खोदकाम वेगळ्या वेळी. आणि खाली काय आहे हे खोदणाऱ्याला माहीत नसतं. खोदण्याआधी तिथल्या वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. प्रत्येक नगरपालिकेने ते ठेकेदारांकडून सक्तीने वापरून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तांब्याची तार तुटली तर लाइनमन पक्कडने साल काढून पीळ देऊन जोडत असे. काच अशी जोडता येत नाही. दोन्ही टोकं स्वच्छ करून, काटकोनात कापून, स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करावी लागतात. हे मशीन महाग असतं आणि ते हाताळणारा माणूस शिकलेला लागतो. तुमच्या भागात असा माणूस आणि मशीन आहे की ते तालुक्याच्या गावाहून यावं लागतं, यावर तुमचं नेट दोन तासांत येणार की चार दिवसांत, हे ठरतं.

म्हणून कंपनीच्या नावापेक्षा त्या गल्लीत काम करणाऱ्या माणसाची चौकशी करावी. बीएसएनएलचं फायबरही अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारच टाकतात आणि सांभाळतात. एकाच कंपनीचा अनुभव दोन शेजारच्या गावांत अगदी वेगळा असू शकतो तो यामुळेच. इमारतीत आधीपासून ज्यांच्याकडे ते कनेक्शन आहे, त्यांना विचारावं: गेल्या पावसाळ्यात किती वेळा लाल दिवा लागला, आणि कळवल्यापासून किती वेळात माणूस आला? ओएनटीवरचा एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकू लागला म्हणजे प्रकाश पोचत नाही, तार कुठेतरी तुटली आहे. राउटर बंद-चालू करून त्यात काही होत नाही. कॉल सेंटरवरच्या माणसाने तसं करायला सांगितलं तर नम्रपणे लाल दिव्याचा उल्लेख करून तक्रार क्रमांक मागावा.

वीस वर्षं सोसायटीत येणारा, हाक मारल्यावर रविवारीही शिडी घेऊन गच्चीवर चढणारा केबलवाला ही छोटी गोष्ट नाही. त्याची लॅन केबल पन्नास एमबीपीएस नीट देत असेल आणि तुमची गरज तेवढीच असेल, तर बदलायची घाई करू नये. उलट त्यालाच विचारावं की घरापर्यंत फायबर कधी आणतोस. बरेच जण आणत आहेत, आणि ग्राहकाने मागितल्यावर लवकर आणतात.

गावांकडे चित्र आणखी वेगळं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात काच पोचली म्हणजे वाडीवर पोचली असं होत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एका ग्रामपंचायतीच्या वाड्या दोन-तीन किलोमीटरवर विखुरलेल्या असतात, आणि शेवटचा तो तुकडा खांबांवरून नेण्याचा खर्च पाच-सहा घरांवर पडतो. वाडीतल्या घरांनी एकत्र येऊन स्थानिक ऑपरेटरशी बोलणं, हाच तिथे चालणारा मार्ग आहे. एकट्याने अर्ज केला तर ‘फीजिबल नाही’ असं उत्तर येतं. दहा घरांनी केला की गणित बदलतं.

जिथे काच येतच नाही, तिथे एअरफायबर म्हणून विकली जाणारी सेवा असते. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने ती मुंबई आणि दिल्लीत आणली, आणि त्याच वर्षी गणेश चतुर्थीला जिओने. नावात फायबर असली तरी काच मोबाइलच्या टॉवरपाशी संपते आणि पुढे फाइव्ह-जीच्या लहरी. जुन्या तांब्यापेक्षा ती खूपच बरी. मात्र तोच टॉवर परिसरातले सगळे मोबाइलही वापरत असतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी वेग डळमळतो, आणि वापराची मर्यादाही कमी, साधारण हजार जीबी. तारेने फायबर मिळत असेल तर मी ती आधी घेईन.

पैशांबद्दल थोडक्यात. जिओफायबर २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा सर्वांत खालचा प्लॅन ६९९ रुपयांचा होता; वर्षभरात तो ३९९ रुपयांवर, तीस एमबीपीएसवर आला. असे आकडे कराशिवाय लिहिलेले असतात. अठरा टक्के जीएसटी धरला की ३९९ चे ४७१ होतात. ‘अनलिमिटेड’ची मर्यादा मोठ्या कंपन्यांत महिन्याला ३३०० जीबी असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी, घरगुती वापरात कुणी तिथवर पोचत नाही. छोट्या ऑपरेटरकडे ती किती आहे ते विचारावं. ओएनटी विकत आहे की परत द्यायची, अनामत किती, वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर मधेच सोडलं तर उरलेले परत मिळतात का, ओटीटीच्या नावाखाली नको असलेल्या गोष्टींचे पैसे जातात का, हे सगळं त्याच बैठकीत. घरी सीसीटीव्ही असेल आणि तो गावाहून मोबाइलवर बघायचा असेल, तर आणखी एक प्रश्न. बरेच ऑपरेटर अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, आणि मग बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत पोचणारी जुन्या प्रकारची मांडणी चालत नाही. क्लाउडवरून चालणारे कॅमेरे चालतात. डीव्हीआर जुना असेल तर स्थिर आयपीचे जादा पैसे धरावेत.

सोसायटीत राहणाऱ्यांना कमिटीचाही विचार करावा लागतो. डक्टमध्ये जागा आहे का, गच्चीचं दार कोण उघडतं, बिल्डरने एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना वाट बंद केली आहे का. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. एकाहून अधिक सेवादात्यांना वाव असणं ही रहिवाशांची हक्काची मागणी आहे, हे वार्षिक सभेत ठामपणे मांडावं. एका इमारतीत दोन फायबर असल्या की दोघांचीही माणसं लवकर येतात.

माझा कौल असा. फोनच्या तांब्यावर अजून असाल आणि दारात फायबर असेल, तर बदला. लँडलाइनचा नंबर आणि यूपीएस एवढं सांभाळा. एअरफायबरवर असाल आणि तार आली, तर बदला. इमारतीच्या लॅनवर समाधानी असाल तर थांबा, आणि विजांनी, सामाइक मीटरने किंवा अपुऱ्या अपलोडने त्रास होत असेल तरच हला. फक्त आतल्या खोलीत रडगाणं असेल, तर आधी राउटर हलवा.

बदलायचं ठरलं की जुनं कनेक्शन लगेच तोडू नये. महिनाभर दोन्ही चालू ठेवावीत, शक्य असेल तर पावसाळ्यातला महिना निवडावा. नवं बसलं की जुन्याचा रीतसर अर्ज द्यावा, मोडेम परत केल्याची पावती घ्यावी आणि अनामत मागून घ्यावी. फायबर बसवायला आलेल्या माणसाकडे प्रकाश मोजणारं पॉवर मीटर असतं. त्याला तुमच्या टोकाशी मोजून दाखवायला सांगावं. आकडा उणे असतो. उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएमच्या मध्ये ओएनटी चालते, आणि उणे वीस म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा भाग प्रकाश, उणे सत्तावीस म्हणजे पाचशेवा. विशीच्या आसपास असेल तर जोडणी चांगली. उणे पंचवीसच्या पलीकडे गेला असेल तर कुठलातरी जॉइंट किंवा पिन कच्ची आहे, आणि थोडं बिघडलं तरी लाल दिवा लागेल. त्याच वेळी पिन साफ करून किंवा जॉइंट पुन्हा मारून घ्यावा. पिनच्या तोंडाशी डोळा नेऊ नये, आतला प्रकाश दिसत नसला तरी तो लेझर असतो. जो आकडा शेवटी येईल तो तारखेसह पेटीच्या बाजूला मार्करने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तक्रार करताना आधी किती होता आणि आता किती झाला, हे आलेल्या माणसाला दाखवता येईल.